रिस्टोअर केलेली ६८ची पाँटियाक जीटीओ: घ्यावी की नुसती बघून परत यावं?

हडपसरी

राम राम मंडळी. मुक्काम मिशिगन, डेट्रॉईटच्या वायव्येला. घराचं कर्ज फिटलं, मुलगी कॉलेजला गेली, गॅरेजमधली तिसरी जागा रिकामी आहे आणि बायकोने "एकदाच काय ते घे आणि विषय संपव" असं म्हटलंय. ही परवानगी किती टिकेल सांगता येत नाही, म्हणून घाईने धागा काढतोय.

गाडी आहे १९६८ची पाँटियाक जीटीओ, दोन दरवाजांची हार्डटॉप. ४०० क्युबिक इंचांचं व्ही-८, चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स, बाहेरून लाल, आतून काळी. विकणारा ओहायोत, टोलीडोच्या बाजूला. जाहिरातीत "फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन" (चासीपासून सगळं सुटं करून केलेलं काम) आणि "नंबर्स मॅचिंग" (इंजिन-गिअरबॉक्स गाडीबरोबर आलेलेच) हे दोन शब्द ठळक छापलेत. मागतोय ५२ हजार डॉलर. फोटो बघितले तर जीव टाकावा अशी गाडी आहे. रंगात स्वतःचा चेहरा बघून दाढी करता येईल.

मी पेशाने गाड्यांच्याच धंद्यात, पण सॉफ्टवेअरमध्ये. माझा प्रत्यक्ष पान्याशी संबंध पुण्यात बजाज चेतक उघडायचो तेवढाच. पन्नास-साठ वर्षं जुन्या गाडीत नेमकं बघायचं काय? आणि ही किंमत ठीक आहे का? मस्टँग, कमॅरो, चार्जर घ्या असे सल्ले ऑफिसात मिळालेत, तेही इथे चालतील.

सातारी_तर्री

पैसे जास्त झाले असतील तर माझा खातेक्रमांक खासगी निरोपात पाठवतो.

बाकी लाल जीटीओ! फोटो टाका की राव.

पिस्टन

हडपसरी, अभिनंदन आणि सांभाळून. आधी सोप्पं काम करा. विन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) मागा आणि पहिले तीन आकडे बघा. १९६६पासून जीटीओ ही पाँटियाकची स्वतंत्र मालिका होती, त्यामुळे खरी जीटीओ असेल तर नंबर २४२ने सुरू होतो. ६८च्या हार्डटॉपला २४२३७, मग वर्षाचा ८, मग कारखान्याचं अक्षर, मग सहा आकड्यांचा अनुक्रमांक. २३७ने सुरू होत असेल तर ती ल माँ, पाँटियाकचीच साधी गाडी. तिच्यावर जीटीओचं बॉनेट आणि बिल्ले चढवलेत एवढंच. एकूण १३ अक्षरं. सतरा अक्षरांचा नंबर १९८१पासूनचा.

या बाबतीत पाँटियाकवाले नशीबवान. शेव्हर्लेच्या शेव्हेलवाल्यांना विचारा. ६६ ते ६८च्या एसएस ३९६ला, म्हणजे शेव्हेलच्या जोरदार आवृत्तीला, निदान १३८ हा वेगळा क्रमांक होता. ६९ला शेव्हर्लेने एसएसला नुसतं ऑप्शन करून टाकलं. तेव्हापासून नंबरात साधी मालिबू आणि एसएस सारख्याच दिसतात. मग बिल्डशीटचा (कारखान्यात गाडीला काय काय लावलं त्या यादीचा) चुरगळलेला कागद मागच्या सीटच्या स्प्रिंगांत नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर सापडला तर सापडला. माझ्या एका सहकाऱ्याने ६९ची "एसएस" घेतली होती, कागद शून्य, बिल्ले भरपूर. विकायला काढली तेव्हा येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न कागदाचाच विचारायचा आणि साध्या मालिबूचा भाव सांगून जायचा.

दुसरं काम: पीएचएस. पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस. कारखान्याच्या १९६१पासूनच्या नोंदी त्यांच्याकडे मायक्रोफिल्मवर आहेत. थोडे पैसे भरून विन नंबर दिला की त्या गाडीच्या मूळ बिलाची प्रत येते. कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, रंग, कुठल्या डीलरकडे गेली, सगळं. थोडक्यात गाडीची पत्रिका. ती हातात आल्याशिवाय टोलीडोला पेट्रोल जाळत जाऊ नका.

हेमीनाथ

पिस्टनरावांना अनुमोदन, पण पाँटियाक का? डेट्रॉईटमध्ये राहून क्रायस्लर न घेणं म्हणजे पाप आहे.

मोपारमध्ये, म्हणजे क्रायस्लर घराण्याच्या गाड्यांत, इंजिनाचं अक्षर विन नंबरातच असतं, पाचव्या जागी. १९७०ला आर म्हणजे ४२६ हेमी, व्ही म्हणजे ४४० सिक्स पॅक, यू म्हणजे ४४० चार बॅरलवाली, जी म्हणजे बिचारी ३१८. आणि ६८-६९ची चार्जर आर/टी असेल तर सुरुवात एक्सएस२९, साधी असेल तर एक्सपी२९. विकणाऱ्याने कितीही गोड बोलू दे, नंबर बोलतो. पुढच्या मडगार्डजवळची फेंडर टॅग आणि सीटखालचा ब्रॉडकास्ट शीट मिळाला तर सोन्याहून पिवळं.

हडपसरी

हेमीनाथ, ४५ हजारांच्या आसपास बजेट आहे हो. त्यात हेमीचं एअर फिल्टरचं झाकण येईल.

पिस्टन, विन नंबर मागितला. २४२३७ने सुरू होतोय, नंतर ८ आणि बी. पीएचएसला लगेच पैसे भरले. बी म्हणजे?

पिस्टन

बी म्हणजे बाल्टिमोर. पी असता तर पाँटियाक, मिशिगन. म्हणजे ती निदान जन्माने जीटीओ आहे. पुढे बघू.

मस्टँगवाली

मी ६६ची मस्टँग गेली काही वर्षं चालवते आहे, २८९ इंजिन, हार्डटॉप. (अवांतर: फोर्डवाल्यांना पीएचएससारखाच मार्टी रिपोर्ट मिळतो, पण तो ६७पासूनच्या गाड्यांचा. माझी एका वर्षाने हुकली.)

कागदाचं वर आलंच आहे, मी पत्र्याबद्दल लिहिते. रिस्टोअर केलेल्या गाडीत तुमचे निम्मे पैसे रंगाखाली जातात आणि ते दिसत नाहीत. म्हणून विकणाऱ्याकडे पहिली मागणी ही करायची: रंग काढून उघडा पत्रा केला होता तेव्हाचे फोटो दाखव. ज्याने खरंच फ्रेम-ऑफ काम केलंय त्याच्याकडे ढीगभर फोटो असतात, तो न विचारता दाखवतो आणि तुम्हाला कंटाळा येईपर्यंत दाखवतो. "फोटो जुन्या फोनमध्ये गेले" असं उत्तर आलं की समजून जायचं.

मग जाताना एक लहान, कमजोर लोहचुंबक न्या. फडक्यात गुंडाळून मडगार्डच्या खालच्या भागावर, मागच्या चाकाच्या कमानीभोवती, दरवाजाच्या तळाला लावत जा. जिथे चिकटत नाही तिथे पुटी भरलेली आहे. रंगाची जाडी मोजायचं मीटरही फार महाग नाही. कारखान्याचा रंग १०० ते १५० मायक्रॉन, चांगला परत मारलेला २००-३५०. मीटर ८००-१००० दाखवायला लागलं की खाली पुटीचा डोंगर.

६८च्या जीटीओचा एक घोळ आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबराल. तिच्या नाकाला चुंबक चिकटणारच नाही. ते एंड्युरा बंपर आहे, रबरासारखं, गाडीच्याच रंगाचं, त्याच वर्षी पहिल्यांदा आलं. चिकटलं नाही म्हणजे ठीक. तिथे क्रोमचं बंपर असेल तर मात्र विचारा. तेव्हा एंड्युरा नको म्हणून सांगायची सोयही होती, आणि पुढे लोकांनी बदललेलीही असतात.

गंजाच्या जागा या गाड्यांत ठरलेल्या. मागच्या काचेच्या खालची पट्टी बघा, विशेषतः टपाला व्हायनिल असेल किंवा कधी काळी असेल तर, कारण पाणी तिथे मुरतं आणि तिथून डिकीत उतरतं. डिकीतला गालिचा उचला, स्टेपनीच्या खाली हात घाला. आमच्या मस्टँगमध्ये काचेपुढच्या जाळीत बाटलीभर पाणी ओततात आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून थेंब पडतात का बघतात. माझ्या बुटात पडले होते. जीटीओला वेगळी चासी आहे. ती मागच्या अॅक्सलवरून कमान करून जाते, तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज हवा. भद्द आवाज आला की आत भुसा.

धुरकट

सगळे घाबरवताय कशाला? माझं मत वेगळं आहे.

हडपसरीसाहेबांना गाडी चालवायची आहे की लिलावात विकायची आहे? चालवायची असेल तर क्लोन घ्या. ल माँवर जीटीओचं सामान चढवलेली गाडी आवाज तोच करते, रस्त्यावर माणसं मान तेवढीच वळवतात, आणि किंमत बरीच कमी. उरलेल्या पैशात डिस्क ब्रेक आणि चांगलं सीट. नाहीतर सरळ रेस्टोमॉड: नवं एलएस इंजिन, ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्स, एसी. सकाळी सेल मारला की चालू. कागदाची पूजा करणाऱ्यांना करू दे.

पिस्टन

धुरकट, क्लोनला माझी ना नाही. क्लोनला क्लोनचा भाव द्यावा. इथे माणूस खऱ्या जीटीओचा, खऱ्या फोर-स्पीडचा आणि मूळ इंजिनाचा असा तिहेरी भाव मागतोय. तिहेरी पुरावा नको का?

जुनाजाणता

पोरांनो, वाचतोय. मी १९७६ साली डेट्रॉईटला आलो. तेव्हा या गाड्या वापरलेल्या गाड्यांच्या यार्डात मागच्या रांगेत उभ्या असायच्या आणि हायस्कूलची पोरं पिझ्झा पोचवायला घ्यायची. ७३च्या ऑक्टोबरात तेलाची नाकेबंदी झाली होती, त्याआधीच तरुण पोरांच्या या गाड्यांवर विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले होते. इंजिनंही ७१पासून मंदावली, कॉम्प्रेशन उतरवलं. ७२ला हॉर्सपॉवर मोजायची पद्धत बदलली, त्यामुळे कागदावर तर आकडा एका वर्षात धाडकन पडला. तुमच्या ६८चा ३५० हा जुन्या पद्धतीचा, इंजिन नुसतं स्टँडवर ठेवून मोजलेला आकडा. आजच्या ३५०शी त्याची तुलना करू नका, निराश व्हाल. रस्त्यावर मात्र निराश होणार नाही, खालच्या आरपीएमला जो धक्का बसतो तो बसतोच.

जीटीओचा जन्म कसा झाला तेही ऐका, कारण मला सांगायला आवडतं. जनरल मोटर्सचा नियम होता, मध्यम आकाराच्या गाडीत ३३०पेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटियाकमध्ये तेव्हा जॉन डिलोरियन होते. नियम नव्या मॉडेलला होता, ऑप्शनबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. मग ६४च्या टेंपेस्ट ल माँला "जीटीओ" नावाचं ऑप्शन पॅकेज लावलं आणि त्यात ३८९चं इंजिन घातलं. वरच्यांना कळेपर्यंत डीलरांनी मागण्या नोंदवल्या होत्या. सरकारी कचेरीत शोभेल अशी पळवाट. म्हणूनच ६४-६५च्या जीटीओचा विन नंबर ल माँचाच असतो, ६५ला तो २३७चा. पिस्टन, हे तुम्ही लिहायचं राहिलं होतं. कोणी ६५ची बघत असेल तर २३७ बघून पळून जाऊ नये, पीएचएस काढावा.

६८ला ८७,६८४ जीटीओ बनल्या. दुर्मिळ वगैरे नाही. पण इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने किती खाल्ल्या याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

हडपसरी

जुनाजाणता काका, वा! असं अजून लिहा.

पीएचएस आलं. बसून वाचा.

इंजिन ४००, चार बॅरल, ३५० हॉर्सपॉवर. बरोबर. बाल्टिमोर, बरोबर. गिअरबॉक्स: टर्बो हायड्रामॅटिक. म्हणजे ऑटोमॅटिक! रंग: व्हर्डोरो ग्रीन!! आत काळं, तेवढं बरोबर.

म्हणजे हिरवी ऑटोमॅटिक गाडी लाल फोर-स्पीड करून "नंबर्स मॅचिंग" म्हणून विकतोय. आता काय करू? सोडून देऊ?

सातारी_तर्री

हिरवीचा रंग लाल केला म्हणजे विकणारा आमच्याकडच्या मिरचीवाल्यासारखाच आहे की.

हेमीनाथ

लाल रंगवली की लवकर विकली जाते असं इथल्या दलालांचं शास्त्र आहे. आणि व्हर्डोरो ग्रीन हा त्या काळचा काय देखणा रंग होता! मोपारवाला असून म्हणतोय.

पिस्टन

सोडू नका लगेच. दोन वेगळे प्रश्न आहेत. इंजिन मूळचं आहे का, हा एक. बाकी काय बदललंय, हा दुसरा.

इंजिनाचं असं आहे: ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, पॅसेंजरच्या बाजूला, हेडच्या खाली दोन अक्षरी कोड ठोकलेला असतो. ३५० हॉर्सपॉवर ऑटोमॅटिकला वाय एस. त्याच इंजिनाच्या मॅन्युअलला डब्ल्यू टी. त्याच बाजूला, खाली टायमिंग कव्हरजवळ, विन नंबराचा तुकडा ठोकलेला असेल: २, ८, बी आणि शेवटचे सहा आकडे. हा तुकडा ६८पासून सगळ्यांना ठोकायला लागला. तुमच्या गाडीवर वाय एस आणि तुमचेच सहा आकडे असतील तर इंजिन मूळचंच. डब्ल्यू टी असेल तर कुठून तरी दुसरं आणलंय.

फडकं, ब्रेक क्लीनर, टॉर्च आणि पांढरा खडू घेऊन जा. तेलकट मळ पुसा, खडू आडवा चोळा, आकडे उठतात. ती जागा आरशासारखी गुळगुळीत असेल तर वाईट. कारखान्यात ब्लॉक कापताना जे बारीक समांतर ओरखडे उठतात ते दिसायला हवेत. ते नाहीत आणि आकडे मात्र ताजे, म्हणजे कोणीतरी घासून नव्याने ठोकलेत.

आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर त्याला विचारा का तापवली. थंड इंजिनाला सेल मारल्यावर मागे निळा धूर काढून दोन मिनिटांत थांबला तर व्हॉल्व्ह गाइडचे सील गेलेत. ते जमून जाईल. धूर थांबलाच नाही तर रिंगांपर्यंत खर्च.

मस्टँगवाली

अजून दोन गोष्टी. टायरवर शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष. ३१०९ म्हणजे २००९चा एकतिसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसते, रबर दगड झालेलं असतं. "रिस्टोरेशन नुकतंच झालं" या वाक्याचं वयही टायरवरून कळतं.

आणि डिकीच्या रबरी पट्टीखाली, दरवाजाच्या बिजागरीत, डॅशबोर्डच्या मागे मूळ हिरवा कुठे दिसतो का बघा. फ्रेम-ऑफ म्हणजे सगळं सुटं करून रंगवलेलं. कोपऱ्यात हिरवा शिल्लक असेल तर फ्रेम-ऑफ हा शब्द त्याने जरा सैल वापरलाय.

टपरीवर_चहा

मी मुंबईतून वाचतोय, या विषयात शून्य. आजोबांकडे कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये जोडलेली डॉज होती, तिच्या मागच्या सीटवर आम्ही पाच भावंडं आडवी झोपायचो. अशी गाडी भारतात आणता येते का हो?

जुनाजाणता

चहावाले, तुमच्या आजोबांची डॉज वालचंद हिराचंदांच्या कारखान्यातली. ती क्रायस्लरच्या करारावर जोडायचे, म्हणजे हेमीनाथांचे नातेवाईकच तुम्ही.

आयात आणि कस्टम ड्युटी हे वेगळ्या धाग्याचं प्रकरण. भारतात असलेल्या पन्नासपेक्षा जास्त वर्षांच्या गाड्यांना मात्र २०२१च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये. गाडी मूळ रूपातली हवी आणि रोज फिरवायची नाही, प्रदर्शनं, रॅली वगैरेपुरतीच. धुरकटरावांचा एलएस इंजिनवाला रेस्टोमॉड त्यात बसायचा नाही.

धुरकट

माझा रेस्टोमॉड इथेच बरा आहे. थांबतोही वेळेवर, तुमच्या ड्रम ब्रेकवाल्यांसारखा सिग्नल ओलांडून नाही.

लेक_एरी

ओहायोतून लिहितोय म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. ओहायोत टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते. म्हणून पैसे आणि कागद दोन्ही त्याच्या बँकेतच करा, बहुतेक बँकांत नोटरी असतो. टायटलवरचा विन नंबर आणि काचेतून दिसणारी पट्टी अक्षर न अक्षर जुळवा. पट्टीच्या रिव्हेट्स बघा, सहा पाकळ्यांच्या फुलासारख्या असतात. गोल, साध्या दिसल्या तर निघून या. विन पट्टी उचकटणं हा इथे केंद्रीय गुन्हा आहे, आणि अशी गाडी जप्त झाली तर पैसे तुमचेच बुडतात.

मिशिगनमध्ये नोंदणी करताना ६ टक्के कर लागेल, तो बजेटात धरा. लिलावाचा विचार मनात असेल तर तिथे हातोड्याच्या किमतीवर खरेदीदाराला साधारण दहा टक्के वरून भरावे लागतात, हे टीव्हीवर बघताना कळत नाही.

हडपसरी

जाऊन आलो. हेमीनाथ सोबत आले होते, त्यांचे जाहीर आभार. रस्ताभर मोपारचा प्रचार ऐकला.

बॉनेट गार होतं. माणूस साठीचा, सरळ वाटला. त्याने स्वतः ही गाडी चार वर्षांपूर्वी अशीच लाल, फोर-स्पीड घेतली. पीएचएस त्याने कधी काढलंच नव्हतं, मी दाखवल्यावर चष्मा लावून दोनदा वाचलं. खरं-खोटं देव जाणे, पण मला खरं वाटलं.

खडू चोळला. वाय एस. खाली विनचा तुकडा, शेवटचे सहाही आकडे जुळले. ओरखडे शाबूत. हेमीनाथांनी टॉर्च धरून "च्यायला, खरंच आहे" म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं. हेडवर १६ आकडा ओतलेला आहे, तोही ६८च्या ४००चा असं नंतर वाचलं.

डिकीच्या रबराखाली बोटभर हिरवा सापडला. गालिचा उचलला तर गिअरच्या जागी मॅन्युअलचा उंचवटा नंतर वेल्ड केलेला, वेल्ड नीट आहे पण लपत नाही. चुंबक डाव्या मागच्या कमानीखाली तळहाताएवढ्या जागेत चिकटत नाही. मीटरने तिथे ११००च्या वर दाखवलं, बाकी सगळीकडे २५० ते ३५०. नाकाला चुंबक चिकटलं नाही तेव्हा मस्टँगवाली ताईंची आठवण झाली, नाहीतर तिथेच घाम फुटला असता. चासी सगळीकडे खणखणीत. टायर २०१२चे.

सेल मारल्यावर थोडा निळा धूर, लगेच थांबला. इंजिनाच्या मागच्या बाजूने तेलाचा थेंब लोंबतोय. चालवली. क्लच मांडीला व्यायाम देतो. ब्रेक पुढचे-मागचे ड्रमच, पहिल्या स्टॉपला मी आणि हेमीनाथ दोघांनीही पाय दाबला.

आता किती म्हणू?

पिस्टन

तेल मागून म्हणजे रिअर मेन सील. या पाँटियाकांना तिथे दोराचा सील असायचा, गळणं हा त्यांचा स्वभाव. इंजिन बाहेर निघेल तेव्हा बदला, तोवर खाली पुठ्ठा टाका.

गणित असं मांडा. खरी जीटीओ, मूळ इंजिन, पत्रा बहुतेक चांगला: हे पैसे त्याला मिळायला हवेत. रंग बदललेला, गिअरबॉक्स मूळचा नाही, पीएचएस जाहिरातीच्या विरुद्ध बोलतंय: हे पैसे कापायला हवेत, कारण उद्या तुमच्याकडून घेणाराही हाच कागद काढणार. मूळची ऑटोमॅटिक फोर-स्पीड केलेली कित्येक जण आवडीने घेतात, पण मूळ फोर-स्पीडचा भाव देत नाहीत. कमान, टायर, सील यांचा खर्च वेगळा. मी ४२वर सुरुवात केली असती आणि ४५ला हात पुढे केला असता.

आणि त्याला "तू फसवलंस" म्हणू नका. कागद त्याच्यासमोर ठेवा आणि गप्प बसा.

धुरकट

गप्प बसा हा सल्ला मराठी माणसाला?

हेमीनाथ

मी होतो तिथे. हडपसरी भलतेच गप्प बसले. विकणाऱ्याची बायको चहा विचारून गेली तरी बोलले नाहीत.

हडपसरी

४४ ला ठरलं! पीएचएसची प्रत, वायरिंगच्या बिलांची फाईल आणि मूळ ऑटोमॅटिकचा गिअर लीव्हर त्याच्या गॅरेजच्या माळ्यावर पडलेला होता, तोही देतोय. लेक_एरी, सही त्याच्या बँकेतच होणार आहे. उघड्या ट्रेलरवर आणतोय, दीड तासाचा तर रस्ता.

विम्याचं कसं करायचं? आमच्या नेहमीच्या कंपनीने गाडीचं वर्ष ऐकून "सर, टायपिंग मिस्टेक आहे का" विचारलं.

मस्टँगवाली

अभिनंदन!! नेहमीचा विमा घेऊच नका, ते घसारा लावून तुमच्या हातात चार आणे ठेवतील. क्लासिक गाड्यांचा वेगळा विमा असतो, हॅगर्टी तर तुमच्या मिशिगनमधलीच. "अॅग्रीड व्हॅल्यू" हे दोन शब्द पॉलिसीत आहेत का बघा. म्हणजे दोघांनी मिळून ठरवलेली रक्कम, गाडी पूर्ण गेली तर तेवढी मिळते. "स्टेटेड व्हॅल्यू" वेगळी, तिथे कंपनी कमी देऊ शकते. हप्ता आश्चर्य वाटेल इतका कमी असतो, अट एवढीच की रोज ऑफिसला न्यायची नाही आणि बंद गॅरेजात ठेवायची.

मिशिगनची हिस्टॉरिक प्लेट घेतलीत तर वापर प्रदर्शनं, परेड, क्लबपुरता. ऑगस्ट महिनाभर मात्र कशालाही फिरवायला मुभा आहे. रोज संध्याकाळी चक्कर मारायची असेल तर साधी प्लेट घ्या.

पिस्टन

आल्याबरोबर चालवत सुटू नका. पेट्रोलच्या रबरी नळ्या आधी बदला. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने भुसभुशीत होतं, आणि गळती नेमकी गरम मॅनिफोल्डवर होते. ब्रेकचे होज पण. मग टायर. या तीन गोष्टी झाल्याशिवाय हायवे नाही. कॉम्प्रेशन जास्त आहे, ९३ ऑक्टेनच भरा, टायमिंग थोडं मागे घ्यावं लागेल. तेलात जस्ताचं प्रमाण असलेलं घ्या, जुन्या कॅमशाफ्टला लागतं. गॅलनला दहा-बारा मैल मिळतील, म्हणजे लिटरला चार-पाच किलोमीटर. वहिनींना हा आकडा हळूहळू सांगा.

हडपसरी

बायको हा धागा वाचतेय. तिने विचारलंय, परत हिरवी करायला किती लागतील?

हेमीनाथ

नीट काम, सगळे कोपरे धरून, म्हणजे दहा हजारांच्या खाली कोणी हात लावणार नाही. पण करा! त्या कमानीचं पुटीकाम तेव्हाच पत्रा बदलून होईल.

जुनाजाणता

यंदा लालच चालवा. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५पासून. आम्ही काही मराठी टाळकी दरवर्षी रॉयल ओकच्या बाजूला खुर्च्या टाकून बसतो, पोहे असतात. लवकर या, नंतर जागा मिळत नाही. त्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये रांगत जावं लागतं आणि निम्म्या गाड्या तापून कडेला लागतात, तेव्हा त्याआधी रेडिएटर आणि थर्मोस्टॅट बघून घ्या आणि डिकीत पाण्याचा कॅन ठेवा. धुरकटराव, तुम्ही पण या एसी लावून.

धुरकट

येतो. पोह्यांवर शेव असेल तर.